दोन विभागांच्या मधली जागा

मार्च संपला की महापालिकेतल्या प्रत्येक विभागाला आपल्या वर्षाचा हिशेब कागदावर आणावा लागतो. पथ विभाग किती किलोमीटर रस्ते केले ते सांगतो, पाणीपुरवठा विभाग किती व्यासाची वाहिनी किती मीटर टाकली ते. आरोग्य विभागाकडे लसीकरणाचे आकडे असतात, उद्यान विभागाकडे रोपांचे, अग्निशमन दलाकडे वर्षभरात आलेल्या वर्द्यांचे, कर आकारणी विभागाकडे जमा झालेल्या मिळकतकराचे. आयुक्तांनी असा वार्षिक प्रशासन अहवाल तयार करावा, हे महापालिकेच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. पर्यावरण सद्यस्थितीचा अहवाल वेगळा. तोही दरवर्षी ३१ जुलैच्या आत महापालिकेपुढे ठेवायचा असतो.

मी हे अहवाल मनापासून वाचते. पुण्यात १८५७ साली नगरपालिका आली, १५ फेब्रुवारी १९५० ला महापालिका झाली. एवढ्या काळात शहर कसं चाललं याची सलग नोंद शोधायला गेलं, तर ती अशा तक्त्यांमध्येच सापडते. वर्तमानपत्रात मोर्चे येतात, उद्घाटनं येतात. एखाद्या पेठेत मलनिःसारणाची वाहिनी बदलली गेली आणि तिथला नेहमीचा वास थांबला, ही बातमी होत नाही. ती तक्त्यात एका ओळीत येते. त्या ओळीमागे महिनाभर चिखलात उभी राहिलेली माणसं असतात, आणि त्यांच्याविषयी छापील असं तेवढंच असतं.

वाचनाची ही सवय मला मावशीमुळे लागली. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. वर्गात शिकवायची, पण तेवढ्यावर भागायचं नाही. पोलिओचा रविवार आला की बूथवर, निवडणूक आली की मतदार याद्यांना, जनगणनेला दारोदार. २०२० च्या ९ मार्चला महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले आणि डॉ. नायडू रुग्णालयात दाखल झाले. पुढच्या महिन्यांत शिक्षकांना घरोघरी सर्वेक्षणाला पाठवलं गेलं, तेव्हा मावशी निवृत्तीच्या अगदी जवळ आली होती. तरी गेली. भवानी पेठेच्या अरुंद बोळांतून, मास्क लावून, प्रत्येक घरात किती माणसं, कुणाला ताप, कुणाला मधुमेह, हे लिहून घेत. ती नोंद आरोग्य विभागाच्या आकड्यांत गेली. मावशी शिक्षण विभागाची. तिचं ते वर्ष कुठल्या विभागाच्या कामगिरीत धरायचं, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला आणि अहवाल वाचताना तो अजून सोबत असतो.

विभागांची कामगिरी खोटी असते असं मला मुळीच म्हणायचं नाही. पुण्याचं पाणीच घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा होतो, आणि त्यातूनच खालच्या तालुक्यांच्या शेतीलाही पाणी द्यायचं असतं. शहर पूर्वेकडे वाढत गेलं तशी भामा आसखेड धरणातून पाणी आणायची योजना झाली. समान पाणीपुरवठ्यासाठी शहराचे १४१ झोन पाडून ८२ साठवण टाक्या बांधायचं ठरलं, आणि त्या कामासाठी जून २०१७ मध्ये महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे बाजारात आणले. सिंहगड पायथ्याच्या धरणातलं पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात शुद्ध होऊन एखाद्या चौथ्या मजल्यावरच्या नळाला येतं, यात किती पंप, किती व्हॉल्व्ह आणि किती जागे कर्मचारी गुंतलेले आहेत! 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' हे प्रकटन वाचून आपण भांडी भरून ठेवतो. त्या गुरुवारी माणसं वाहिन्यांच्या आत उतरलेली असतात.

माझा मुद्दा या यशांच्या मधल्या जागेचा आहे.

नागरिकाचं वर्ष विभागवार जात नाही. घरातून बाहेर पाऊल टाकलं की रस्ता पथ विभागाचा, त्याखालचं गटार मलनिःसारण विभागाचं, शेजारची जलवाहिनी पाणीपुरवठ्याची, दिवा विद्युत विभागाचा, झाड उद्यान विभागाचं, कडेचा राडारोडा घनकचरा विभागाचा आणि पदपथावरचा फलक आकाशचिन्ह विभागाचा. माणूस एकच आणि पाऊलही एकच. पथ विभागाने रस्ता गुळगुळीत केला, ही कामगिरी. त्यानंतर जलवाहिनीसाठी तो खोदला गेला, तर ती वाहिनी हीसुद्धा कामगिरीच. मग केबलसाठी परवानगी दिली, तिचं शुल्क जमा झालं, म्हणजे तीही. तिन्ही नोंदी खऱ्या आणि तिघांचे आकडे बरोबर. पावसाळ्यात त्या चरावरची खडी उखडते आणि दुचाकीवरची बाई तिथे घसरते, ती मात्र कुठल्याच तक्त्यात येत नाही. पुण्यात हे इतक्यांदा झालंय की लोकांनी त्यावर बोलणंही सोडलं आहे. मला ते सोडावंसं वाटत नाही.

आंबिल ओढ्याची गोष्ट यापेक्षा फार मोठी आहे, आणि ती थोडी सावकाश सांगायला हवी.

हा ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला त्याचं पाणी अडवून तलाव बांधले आणि तिथून नळाने ते शहरात आणलं. पुढे पर्वतीच्या पायथ्याशी याच ओढ्याचं पाणी अडवून तळं झालं, ज्याच्या जागी आज सारसबाग आहे. पूर्वी ओढा पेठांच्या मधून वाहायचा. तो वळवून पश्चिमेकडून मुठेला नेला गेला. म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी या शहराने या पाण्याचा विचार उगमापासून संगमापर्यंत एकत्र केला होता. तलाव, नळ, हौद, वळवलेला प्रवाह, सगळं एकाच योजनेत.

आता ओढा कात्रजहून धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर अशा वस्त्यांमधून दांडेकर पुलाकडे आणि तिथून मुठेला जातो. वाटेत त्याच्यावर पूल आहेत, मोऱ्या आहेत, सीमाभिंती आहेत, काठावर सोसायट्या आहेत, झोपडपट्ट्या आहेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्यानंतर पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांत सहकारनगरच्या कितीतरी सोसायट्या होत्या. पुराने घर गेलेल्या माणसांची पुढची पिढी एका ओढ्याच्या सोबतीने वाढली. कुणाला त्यात भय वाटलं नाही, कारण बहुतेक वर्ष ओढ्यात पाणी घोट्याएवढंच असायचं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला आणि तो ओढा काही तासांत सोसायट्यांच्या पार्किंगमधून, टांगेवाले कॉलनीतल्या घरांमधून, भिंती पाडत गेला. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. कितीतरी गाड्या एकमेकींवर चढलेल्या होत्या, गोठ्यातली जनावरं दावणीला बांधलेलीच बुडाली. दुसऱ्या दिवशी त्या भागातून जाताना चिखलाचा वास सगळीकडे होता आणि लोक गाद्या, वह्या, धान्याचे डबे रस्त्यावर आणून ठेवत होते.

त्या पुराआधीच्या कुठल्याही वर्षाचा अहवाल काढून पाहिला तर त्यात अपयश सापडणार नाही. नालेसफाई झाल्याची नोंद सापडेल. बांधकाम परवानग्यांमधून मिळालेलं उत्पन्न सापडेल. भिंती बांधल्याची, पूल रुंद केल्याची, झाडं लावल्याची नोंद सापडेल. पण ओढा म्हणून ओढ्याचा विभाग नाही. त्याचा तळ एकाचा, काठ दुसऱ्याचा, वरचा पूल तिसऱ्याचा, काठावरचं घर चौथ्याचं, त्या घराचा पुनर्वसन प्रकल्प आणखी कुणाचा. पाणी मात्र कात्रजला सुटलं की मुठेपर्यंत एकाच दमात जातं. कामाच्या अशा वाटणीत एखाद्या विभागाने आळस केला असं गृहीत धरायचीही गरज नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं तरी संपूर्ण ओढा कुणाच्याच डोळ्यांपुढे नसतो.

हे असंच चालणार, असं मात्र मला वाटत नाही. आणि तसं न वाटण्याचं कारण दरवर्षी ज्येष्ठ-आषाढात माझ्या डोळ्यांपुढे येतं.

ज्ञानोबांची पालखी आळंदीहून आणि तुकोबांची देहूहून पुण्यात येते. दोन रात्री मुक्काम. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. लाखो वारकरी दोन दिवस या शहरात राहतात, जेवतात, आंघोळ करतात, झोपतात. त्याआधीच्या आठवड्यात मार्गावर उभं राहून पाहावं. खड्डे बुजवले जात असतात आणि त्याच वेळी ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला घेतली जात असतात. एरवी ही दोन कामं एका दिवशी होताना दिसत नाहीत. रथाला लागतील अशा फांद्या छाटायला उद्यान विभागाचे लोक येतात, त्यांच्या मागोमाग दिव्यांची गाडी. पाण्याचे टँकर कुठे उभे राहणार, फिरती शौचालयं कुठे, दवाखान्याचं पथक कुठे, हे सगळं ठरलेलं असतं. महापालिकेच्या शाळा मुक्कामासाठी मोकळ्या होतात. मावशी सांगायची, वर्गातले बाक भिंतीला लावून आम्ही फरशी धुऊन द्यायचो, आणि परत शाळा भरायची तेव्हा फळ्यावर कुणीतरी 'राम कृष्ण हरी' लिहून गेलेलं असायचं. ते पुसायला वर्गातलं कुणी तयार व्हायचं नाही.

पालख्या हडपसरकडे निघाल्या की मागे झाडू लागतो. पत्रावळ्या, केळीची सालं, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे कागद. कोठीवरून, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणाहून, निघालेल्या मुकादमांच्या टोळ्या रात्रीतच कामाला लागतात आणि दुपारपर्यंत लक्ष्मी रस्ता नेहमीसारखा होतो. गणेश विसर्जनाच्या दिवशीही तेच. घाटावर अग्निशमन दलाचे जवान आणि जीवरक्षक, शेजारी हौद, निर्माल्याचे कलश, दिवे, आणि मिरवणूक संपायच्या आत सफाई सुरू. तीच माणसं, त्याच गाड्या, तेच विभाग. त्या दिवसांत विचार विभागाचा होत नाही, मार्गाचा होतो. पालखी जाणार तो रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीतरी चालून पाहिलेला असतो.

आणि हे यश कागदावर उतरतं तेव्हा त्याचे पुन्हा तुकडे होतात. टँकर एका खात्यात, शौचालयं दुसऱ्या, दिवे तिसऱ्या. शहराला काय जमतं याचा सगळ्यात मोठा पुरावा असा विखुरला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कचऱ्याच्या बाबतीत पुण्याने जे केलं तेही विभागाच्या भिंतीबाहेर जाऊनच. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी करार केला. आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात, वेगळा करतात. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी एकदा विचारलं, तुमचं वर्ष कधी संपतं? त्या म्हणाल्या, "आमचं दिवाळीला. लोक घर झाडतात ना, दोन महिन्यांचं ओझं एका आठवड्यात येतं. ते सरलं की म्हणायचं, झालं बाई वर्ष." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही सॅनिटरी पॅड कागदात बांधून वर लाल खूण करता ना, तेवढं सगळ्यांनी केलं तरी आमचं निम्मं वर्ष हलकं होईल." कुठल्याही अहवालात हे लिहिलेलं मी वाचलं नाही. शहराच्या स्वच्छतेचा यापेक्षा नेमका निकष मला सुचत नाही.

इथे उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं नाव घेतलंच पाहिजे. पूर्वी कोथरूडला कचरा डेपो होता. त्या जागी आता मेट्रोचा डेपो आहे. कोथरूड मोकळं झालं आणि शहराचा कचरा या दोन गावांत जाऊ लागला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं, लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलनं केली. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद म्हणून बाहेर पडली. शहर स्वच्छ झाल्याचा आकडा हद्दीच्या आत मोजला जातो. वास हद्द मानत नाही.

वर्षाच्या हिशेबावर प्रश्न विचारण्याची परंपरा या शहरात फार जुनी आहे. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी, शहर सजवायला एक हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. फुल्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडईची मोठी इमारत बांधायलाही त्यांचा विरोध होता, त्याच कारणाने. ती इमारत १८८६ मध्ये झाली आणि पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. मंडईत भाजी घेताना मला त्या एकट्या मताची आठवण होते. खर्च कुठल्या खात्यातून होतोय हा त्यांचा प्रश्न नव्हता. तो पैसा कुणाच्या आयुष्यापर्यंत पोचतो, हे ते विचारत होते.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि २०२६ च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत महापालिकेवर प्रशासक होते. त्या काळात अंदाजपत्रक वाढत गेलं. २०२५-२६ चं १२ हजार ६१८ कोटींचं होतं. कामंही झाली. पण आयुक्तांनी मांडलेल्या हिशेबावर मुख्य सभेत उभं राहून 'आमच्या प्रभागातल्या ओढ्याचं काय' असं विचारणारं कुणी नव्हतं. नगरसेवक कसेही असोत, वेगवेगळ्या विभागांना एका जागेचा प्रश्न विचारणं हे त्यांचंच काम. कारण प्रभाग हा जागेचा असतो, विभागाचा नसतो. त्या चार वर्षांत सगळ्यात जास्त नुकसान या मधल्या जागेचं झालं, असं माझं मत आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विभागवार अहवाल राहू दे. त्याला जोडून दरवर्षी काही पानं जागेवार लिहावीत. एक ओढा, एक रस्ता, एक वस्ती, एक शाळेचं आवार निवडावं आणि त्या जागी सगळ्या विभागांनी मिळून वर्षभरात काय केलं ते एकाच पानावर मांडावं. कात्रज ते मुठा हा ओढा घेतला तर कुठली मोरी कधी साफ झाली, कुठली भिंत कुणी बांधली, काठावरच्या किती घरांना पावसाआधी सूचना गेली, कुठे राडारोडा टाकला गेला आणि तो कुणी उचलला, हे एका नजरेत दिसेल. रस्ता घेतला तर तो वर्षात कितीदा खोदला गेला हे लपणार नाही. अशी पानं लिहायला नवा कर्मचारी नको, नवं तंत्रज्ञान नको. पालखीमार्गाच्या बैठकीला जी माणसं एका टेबलाभोवती बसतात, तीच वर्षातून आणखी काही वेळा बसली की पुरे.

नागरिकांकडूनही यातलं काही सुरू होऊ शकतं. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग घेतला जातो. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपण काम सुचवायचं असतं. बहुतेक लोक बाक, पदपथ, दिवा अशा गोष्टी लिहितात, आणि त्या लागतातच. यंदा आम्ही काही शेजाऱ्यांनी वेगळं करायचं ठरवलं आहे. सहकारनगर ते दांडेकर पूल एवढ्या टप्प्यातला ओढा चालून पाहायचा, प्रत्येक मोरीचा आणि पुलाचा फोटो काढायचा, आणि एका मोठ्या कागदावर त्यांची यादी करायची. प्रत्येक नावापुढे एक रकाना: ही कुठल्या विभागाकडे. दुसरा रकाना: शेवटची सफाई कधी. तिसरा: तुंबली तर फोन कुणाला. जे रकाने आम्हाला भरता येणार नाहीत ते कोरे ठेवून अर्जाला जोडणार आहोत, आणि त्याची एक प्रत आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना देणार आहोत. मावशी यादीचं काम करायला तयार आहे. घरोघरी जाऊन विचारायचं कसं, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं.